ताटली वाजली की वाक्य बदलायचं

चारचौघांत बसून "मला हे कळलं नाही" असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?

बँकेतल्या साहेबांनी कर्जाचे कागद पुढे सरकवून "इथं, इथं आणि इथं" म्हटलं तेव्हा म्हणालात का? विमा एजंटाने? डॉक्टरांनी? मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत? नसालच म्हणाला. मीही म्हणत नाही. मान हलवते, सही करते, घरी येते आणि मग शेजाऱ्याला विचारते. आपल्याकडे न कळल्याची लाज वाटते, न कळेल असं लिहिल्याची कुणालाच वाटत नाही. गेली काही वर्षं आम्ही तिघं ही दुसरी लाज गावोगाव रुजवायचा प्रयत्न करतोय. कामाचा पगार शून्य आहे. रजा नाही, बढती नाही, निवृत्तीही नाही.

इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. फुकट आहे आणि कुणीही त्यात लिहू शकतं. प्रत्येक लेखाच्या वर 'बदला' असं एक बटण असतं. ते दाबलं की लेख तुमच्यासमोर उघडा पडतो, हवं ते वाक्य खोडा, हवं ते घाला. मात्र तुमच्यानंतर दुसरा येऊन तुमचंही खोडू शकतो, आणि कुणी काय खोडलं याची नोंद कायमची राहते. घातलेल्या माहितीला पुस्तकाचा किंवा तशा कुठल्या भरवशाच्या ठिकाणाचा आधार द्यावा लागतो. नाही दिला तर वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी पाटी लटकते. एवढाच आमचा धंदा. त्यात मुलांसाठी एक वेगळा विभाग आहे, पहिली ते चौथीच्या पोरांनी स्वतः वाचावा असा. तो आम्ही पाहतो.

आम्ही म्हणजे कोण ते सांगते. एक बोदवडचे नाना. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, संदर्भाशिवाय चहासुद्धा न पिणारे. दुसरी समीना. जळगावात तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती काउंटरवर लेखांसाठी चित्रं काढते. तिसरी मी. पोटासाठी एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवते, म्हणजे 'आमच्या येथे श्री कृपेकरून' हे मला झोपेतही टाइप करता येतं. मात्र मी वाढले पत्रकांवर. वडील भुसावळला रेल्वेत, युनियनचं वाटप त्यांच्याकडे. त्यात जयंतीची पत्रकं, मोर्चाची पत्रकं, पाण्यासाठीची, पगारासाठीची. सगळे गठ्ठे पलंगाखाली. मला बाराखडीच्या आधी उद्गारचिन्ह यायला लागलं असं आई सांगते.

त्यामुळे ज्ञानकोशातला माझा पहिला लेख, 'पाणी', असा संपत होता: "पाणी कुणाच्या बापाचं नाही. ते अडवणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारा आणि गळक्या नळाला तोटी लावा."

नानांनी चष्मा वर करून विचारलं, "याला संदर्भ?"

"माझे वडील," मी म्हणाले.

ते वाक्य कसं गेलं ते पुढे येईलच. आधी ताटलीचं सांगते.

लिहिलेलं मुलांना कळतं की नाही हे घरी बसून समजत नाही, म्हणून आम्ही शनिवारी शाळेत जाऊन वाचून दाखवायचं ठरवलं. पहिली शाळा धुळे तालुक्यातली. तिथल्या गुरुजींनी आमचं स्वागत केलं, पोरांना मांडी घालून बसवलं. मी 'सूर्य' वाचला. वाचून झाल्यावर गुरुजींनी अहिराणीत आवाज टाकला, "बठ्ठासले समजनं का?" म्हणजे सगळ्यांना समजलं का.

"हाऽऽ," सगळा वर्ग एका सुरात.

मी 'ढग' वाचला. समजनं का? हाऽऽ. नानांनी मुद्दाम खिशातलं रेल्वेच्या पेन्शनचं परिपत्रक काढून वाचलं. समजनं का? हाऽऽ.

आम्ही हिरमुसून व्हरांड्यात बसलो. तेवढ्यात खिचडीची सुट्टी झाली आणि पोरं रांगेत उभी राहून स्टीलच्या ताटल्या बडवायला लागली. खिचडी वाढणाऱ्या बाईंनी दटावलं की थांबायची, पाठ वळली की पुन्हा सुरू. कुणी वाजवली ते काही केल्या कळेना. समीना बघत होती. म्हणाली, "दीदी, यांना बोलायची शरम वाटते. वाजवायची नाही वाटत."

पुढच्या शनिवारी आम्ही नियम केला. वाचताना ताटली मांडीवर ठेवायची. वाक्य कळलं नाही की वाजवायची. नाव विचारणार नाही, उभं करणार नाही. ताटली वाजली की आम्ही वाक्य बदलायचं, चूक आमची. त्या दिवशी 'सूर्य' पहिल्या ओळीतच बुडाला. एवढा गोंगाट झाला की शेजारच्या अंगणवाडीतली पोरं जेवण आलं समजून पळत आली.

ही पद्धत मग आम्ही जळगावकडे आणली. भुसावळच्या अलीकडे एक गाव आहे, तिथल्या शाळेच्या गच्चीवरून वीज केंद्राची धुरांडी दिसतात. तडवी मॅडम तिथल्या मुख्याध्यापिका. तिसरी-चौथी एकत्र बसवून त्यांनी आम्हाला शनिवारचा शेवटचा तास दिला. माझा 'पाणी' तिथेच वाचला गेला. तोटीच्या ओळीला पोरं हसली, 'व्यवस्थेला' म्हटल्याबरोबर ताटल्या कडाडल्या.

"ताई, व्यवस्था कोन?" चौथीतल्या गौरीने विचारलं. ती ताटली वाजवून वर नावही सांगणारी पोरगी.

"व्यवस्था म्हणजे... आपण सगळे मिळून जे चालवतो ते."

"म्हंजे आमीबी?"

मी व्यवस्था खोडली. तोटी अजून आहे.

या धंद्यात गिऱ्हाईकं चित्रविचित्र येतात. मुलांसाठीच्या 'भरीत' या लेखात कुणी तरी लिहिलं की असोद्याचं वांगं सर्वांत चवदार. दुसऱ्या दिवशी असोदा गेलं, भुसावळ आलं. मग पुन्हा असोदा. शेवटी नानांनी 'खानदेशातलं' असं लिहून त्यालाही 'संदर्भ हवा' लावला. एका गावाच्या लेखात रात्रीतून भावी सरपंचाचा फोटो उगवला. 'बेडूक' या लेखात तर एकाने मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. आणि 'निस्पृह' या टोपणनावाचा एक संपादक आहे. आजवर आम्ही त्याला पाहिलेलं नाही. आमचं प्रत्येक सोपं वाक्य तो 'बालिश भाषा' असा शेरा मारून उलटवतो. मी एकदा त्याला लिहिलं, "महोदय, हे बालकांसाठीच आहे." त्याने उत्तर दिलं, "तरीही."

असं सगळं मजेत चाललं होतं. मग ताटली शाळेच्या बाहेर पडली.

ते आमच्या ध्यानीमनी नव्हतं. न कळण्याचा हक्क पोरांना शाळेपुरता दिलाय असं आम्ही धरून चाललो होतो, पोरं ती अट पाळणार कशाला? त्यांनी घरी वाजवायला सुरुवात केली. एकाने खताच्या दुकानदारापुढे वाजवली. एकीच्या घरी बहिणीला बघायला पाहुणे आले, मुलाचे मामा "मुलगा कंपनीत चांगल्या पदावर आहे" म्हणाले आणि पडद्याआडून ताटली वाजली. आणि गौरीने आबांच्या समोर वाजवली.

आबा म्हणजे गौरीचे आजोबा आणि शाळा समितीचे अध्यक्ष. ओट्यावर गावकी बसलेली, आबा कुठल्याशा योजनेचा कागद वाचून दाखवत होते, सदर लाभार्थ्याने उक्त प्रयोजनार्थ वगैरे. मधेच नात बाहेर आली, समोर बसली आणि वाजवली. लोक हसले. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या असं मला नंतर मॅडमनी सांगितलं.

सोमवारी आबा शाळेत हजर. रिकामी ताटली वाजवणं घराला चांगलं नसतं, अन्नाचा अपमान आहे, पोरं उद्धट झाली, आणि हे बाहेरचे लोक कोण, असे त्यांचे चार मुद्दे. मुद्दे त्यांनी मॅडमच्या फोनवरून मलाही ऐकवले. मी तापले. पत्रकांची मुलगी ती, म्हणाले, "आबा, प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. ही हुकूमशाही झाली."

"हे पाह्य," आबा शांतपणे म्हणाले, "तू आता जे बोल्ली ना, ते मले समजलं. म्हनून राग आला."

मॅडमनी फोन काढून घेतला. संध्याकाळी त्यांनी मला वेगळा फोन केला. "तू भांडून निघून जाशील ग जळगावला. मला इथं रोज राहायचंय. समितीने ठराव केला तर तास बंद. वरून खुलासा मागतील तो वेगळा. आणि खरं सांगू? मागच्या वर्षीपर्यंत माझ्या वर्गात अर्धी पोरं वर्षभर तोंड उघडत नव्हती. तास गेला तर ती पुन्हा गप्प होतील."

ठरलं असं की आबांनी येत्या शनिवारी स्वतः येऊन बसायचं. त्यांना पटलं तर तास राहील, नाही तर त्या दिवशी शेवटचा.

आता लेख कोणता न्यायचा? इथं आम्ही चलाखी केली. आमचा सगळ्यांत यशस्वी लेख होता 'वीज'. दोन शाळांत वाचला होता, एकाही ठिकाणी ताटली वाजली नव्हती. गाव वीज केंद्राच्या सावलीत, अर्ध्या घरांतलं कुणी ना कुणी तिथं कामाला. शांततेत लेख पार पडेल, आबा खूश होतील, असा हिशेब.

शनिवारी आबा पांढरी टोपी घालून मुलांच्या मागे खुर्चीवर बसले. गौरी त्यांच्या पायाशी. मी वाचायला लागले. "वीज आपल्याला दिसत नाही, पण तिची कामं दिसतात." शांत. "आपल्या जवळच्या वीज केंद्रात कोळसा जाळतात." शांत. "तिथे कोळशातील ऊर्जेचे विजेत रूपांतर होते." एकदम शांत. मी नानांकडे बघून हळूच हसले.

टण्.

आवाज मागून आला. आबांनी गौरीच्या मांडीवरची ताटली उचलली होती आणि बोटाच्या पेराने एकदाच वाजवली होती. वर्ग वळून बघायला लागला.

"नियम सगळ्यांले हाये ना?" आबांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

"मंग मले नाही समजलं. रूपांतर व्हते म्हंजे काय व्हते? माझा पोरगा तिथं कोळशाच्या पट्ट्यावर हाये. तो काळाकुट्ट होऊन घरी येतो, अन् घरात दिवा लागते. मधी काय व्हते?"

मला आबांचा डाव वाटला. म्हटलं, पोरंच उत्तर देतील. "कोण सांगेल आबांना?"

झाडून सगळे हात वर. मी एकाला उठवलं. त्याने हात बांधून, डोळे छताला लावून म्हटलं, "वीज केंद्रात कोळशातील ऊर्जेचे विजेत रूपांतर होते."

दुसरी उठली. तेच. तिसरा. तेच.

"बरं, म्हणजे काय होतं?"

सगळे हात खाली. शेवटी गौरीच बोलली. "ताई, तेव्हढंच येते पेपरात. ते पाठ हाये."

"पण कळलं नव्हतं तर वाजवली का नाही?"

"पाठ असलेलं कसं वाजवायचं? ते तं बरोबर असते."

मी आयुष्यात बरीच पत्रकं वाचली, इतकं नेमकं वाक्य एकातही सापडलं नाही. आम्ही दोन जिल्ह्यांत सांगत फिरत होतो की ताटली शांत म्हणजे लेख कळला. पोरं अनोळखी शब्दाला वाजवत होती. ओळखीच्या शब्दाला, परीक्षेत गुण मिळवून देणाऱ्या शब्दाला, ती वाजवतच नव्हती. आणि 'वीज' हा लेख आम्ही पाठ्यपुस्तकाच्या इतका जवळ ठेवला होता, संदर्भ पक्का असावा म्हणून, की तो कळण्याच्या वाटेला गेलाच नव्हता.

तडवी मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तास गेला असं त्यांनी धरलंच होतं.

नाना उठले. सिग्नल खात्यात आयुष्य गेलेला माणूस, विजेवर त्यांचा हक्क होता. खडू घेऊन म्हणाले, "औष्णिक ऊर्जा प्रथम यांत्रिक..." ताटल्यांचा कडकडाट झाला. नानांनी खडू समीनाकडे दिला. समीनाने फळ्यावर कुकर काढला.

"घरी कुकरची शिट्टी होते. शिट्टीला वर कोण उचलतं?"

"वाफ!"

"तिथं पण मोठा कुकर आहे असं समजा. खाली कोळसा, आत पाणी. वाफ जोरात बाहेर येते. तिच्यासमोर भिंगरी धरली तर?"

"फिरीन," आबा म्हणाले. मग इकडे तिकडे बघून गप्प बसले.

पुढचा अर्धा तास मी नुसती लिहीत होते. वाक्य समीना सांगायची, नाना तपासायचे, पोरं वाजवायची, मी खोडायचे. शेवटी फळ्यावर हे उरलं: कोळसा जाळतात. त्यावर पाणी उकळतं. वाफ होते. कुकरची शिट्टी वाफेमुळे वर उचलली जाते ना? तशीच ही वाफ एका मोठ्या चक्राला ढकलते. चक्र गरगर फिरतं. चक्राला मोठं चुंबक जोडलेलं असतं. भोवती तारांची वेटोळी असतात. चुंबक फिरलं की तारेत वीज वाहू लागते. ती तारेतून आपल्या घरी येते.

कुठेच आवाज नाही. पण आता शांततेवर आमचा विश्वास राहिला नव्हता. मी विचारलं, "हे पाठ आहे का?"

"नाही," पोरं म्हणाली. एकाने सगळं उलटं सांगून दाखवलं, दिव्यापासून कोळशापर्यंत.

टण्. गौरी. "चुंबक फिरलं की तारेत वीज काऊन येते?"

आम्ही सगळे नानांकडे बघायला लागलो. नानांनी खडूची पूड झटकली. मग म्हणाले, "तुला समजेल असं सांगता येत नाही मला. म्हणजे मलाच नीट समजलेलं नसणार."

समीनाने एक ताटली त्यांच्या हातात दिली. नानांनी ती वाजवली. वर्ग असा हसला की शेजारचे वर्गही कारण न कळता हसले.

तास संपला. आबा उठले, टोपी नीट केली. मॅडम पुढे झाल्या, बोलायला तोंड उघडणार तोच आबांनी हात वर केला.

"रिकामी ताटली वाजवाची नाही. हे मी सोडनार नाही."

मॅडमनी मान खाली घातली.

"दोन-दोन शेंगदाने टाकत जा तिच्यात. मंग ती रिकामी राहत नाही. शेंगदाने मी धाडून देईन." आणि जाता जाता नातीला म्हणाले, "घरी वाजवाची असली तं मले आधी कागद वाचून होऊ दे."

तेव्हापासून आमच्याकडे ताटली वाजली की शेंगदाणे उडतात. तास संपल्यावर पोरं ते खाऊन टाकतात. धुळ्याच्या गुरुजींना कळवलं तर तिथं गूळही सुरू झाला. आम्ही आमचे जुने सगळे लेख पुन्हा काढलेत, आणि आता वाचून झालं की उलटं सांगायला लावतो. निम्मे लेख नापास झाले. याची रुखरुख आहे. इतके शनिवार आम्ही पोरांच्या पाठांतराला समज समजत होतो. 'निस्पृह' यांनी 'वीज' दोनदा उलटवला. मग "कुकरची शिट्टी वाफेमुळे वर उचलली जाते" या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' लावला. नानांनी विज्ञानाच्या पुस्तकाचं नाव, पान, आवृत्ती सगळं जोडलं. त्यानंतर तो लेख तसाच आहे. मध्यंतरी 'निस्पृह' यांनी त्यात एक स्वल्पविराम घातला. मी त्याला कौतुक समजते.

मॅडम सांगतात, मागच्या ग्रामसभेत बाहेरून आलेल्या एका साहेबाने नव्या योजनेचा कागद भराभर वाचला आणि "काही शंका?" म्हणून फाइल बंद केली. आबा उठून उभे राहिले. "साहेब, मले नाही समजलं. परत सांगा, सोप्यात." पाठोपाठ आणखी दोघे उठले. कागद दुसऱ्यांदा वाचावा लागला.

आता तुमच्याकडे वळते. ज्ञानकोशात एखाद्या शब्दाचा लेख अजून लिहिलेला नसेल तर तो शब्द लाल दिसतो. आमच्या 'वीज' लेखात शेवटची ओळ आहे: "चुंबक फिरल्यावर तारेत वीज का येते, हे चुंबकाच्या लेखात वाचा." त्यातला 'चुंबक' अजून लाल आहे. नाना रोज लिहितात, रोज स्वतःच वाजवतात आणि खोडतात. तुम्हाला ते येत असेल तर आम्हाला हवे आहात. येत नसेल तरी हवे आहात. या दिवाळीत फराळाला घरात पोरं जमतील. त्यातल्या एकाला जवळ बसवा, हातात ताटली द्या, ताटलीत दोन शेंगदाणे टाका आणि मुलांच्या विभागातला कुठलाही एक लेख मोठ्याने वाचा. ताटली वाजली की थांबा. नाही वाजली तर उलटं सांगायला लावा. मग वरचं 'बदला' दाबून जिथं अडलं ते एक वाक्य सोपं करा. आणि वाचता वाचता तुमचं स्वतःचं काही अडलं, तर कृपा करून ताटली पोराच्या हातातून घ्या आणि त्याच्यादेखत वाजवा.